इटलीचा हमाल आणि आमचे कदम सर

फिल्म क्लब चालवायचा म्हणजे सिनेमे कमी आणि खुर्च्या जास्त. संगमनेरच्या आमच्या क्लबचा मी सेक्रेटरी, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि उचलणारा. कंबर गेली, पण किस्से साठत गेले, नको म्हटलं तरी!

आमचे कदम सर, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. त्यांना वेड एका इटालियन नटाचं. मूकपटाच्या काळातला. बंदरावर हमाली करायचा, अंगानं दांडगा, म्हणून सिनेमात घेतलेला. पडद्यावरच्या पाट्या इटालियन, त्या कुणालाच वाचता येईनात. मग सर पडद्याशेजारी उभे राहून संवाद स्वतःच ठोकायचे. “सोड तिला, नाहीतर प्रवरेत बुचकळीन!”

मी म्हटलं, “सर, इटलीत प्रवरा?”

“तुम्हाला तिथली नदी माहितेय का? मग बसा गप!”

पहिल्या रांगेत चहावाल्या यमुनाबाई. कानानं अधू. मधेमधे ओरडायच्याच, “सर, मोठ्यानं!”

*

एकदा त्या नटाच्या आयुष्यावर कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष म्हणून दूध सोसायटीचे चेअरमन. ते शाल-नारळ घेऊनच आले. “कुठं हायेत पाव्हणं?”

“साहेब, ते वारले. लई वर्षं झाली.”

“अरारा! मग आधी श्रद्धांजली घ्या की!”

मूकपटाआधी दोन मिनिटं मौन! शाल शेवटी सरांच्या खांद्यावर पडली.

*

त्याच कार्यक्रमात सरांनी सांगितलं, “पुढं बोलपट आले आणि याचं काम गेलं.”

यमुनाबाई कळवळल्या. “आवाज वंगाळ हुता का?”

“कुणी ऐकलाच नाही, बाई.”

*

यंदा सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं. भेटायला गेलो, तर मोबाईलवर टाईप करून दाखवलं, ‘आता माझं तिथं काय काम?’ मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मीही दमलोच होतो. म्हटलं, “शेवटचा एक शो करू आणि कुलूप लावू. तुम्ही नुसते येऊन बसा.”

सर आले. गळ्याला तीच शाल. मी खुर्ची दिली, तर बसेनात. गेले ते पडद्याशेजारी, नेहमीच्या जागेवर. सिनेमा सुरू झाला, तसे त्यांचे ओठ हलायला लागले, हात हलायला लागले. कुणाला वर बघवेना.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, “सर, मोठ्यानं!”

मी बाईंना थांबवायला उठलोच.

सरांनी यमुनाबाईंकडं पाहिलं. मान डोलावली. शाल काढून खुर्चीवर टाकली, आणि हात आणखी मोठे केले.