मागे कुणी बसायचं नाही

भुईगावातली पोरं माझ्या भावाला लांबून पाहिलं की ओरडतात, "मागे कुणी बसायचं नाही!" आणि केळीच्या वाडीत पळून जातात. मी शाळेत शिकवते. त्यातली निम्मी पोरं माझ्याच वर्गात आहेत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांचे कान माझ्या हातात असतात. पण खरं सांगायचं तर वाक्य दादाचंच आहे आणि पोरं नक्कल झकास करतात.

माझा हा मोठा भाऊ गॅब्रिएल त्याच्या जुन्या मॅटाडोर टेम्पोमधून मोटरसायकली पोचवतो. कुणी नवी घेतलेली असते, कुणाची बंद पडलेली, कुणाची विकलेली. गाडी बंद बॉडीची आहे, मागे दोन दारं, आणि केबिन नि मागचा भाग यांच्या मध्ये पत्र्याची भिंत. मोटरसायकल आत चढवली की प्रत्येक मालकाला एकच हुक्की येते, "मी बसतो मागे, धरतो तिला." मग दादाचा पारा चढतो. "धरायची असेल तर खांद्यावर घेऊन चालत जा," म्हणतो. "माझ्या गाडीत मागे कुणी बसायचं नाही."

त्याची भरायची पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की फळी धरायला मीच सापडते. फळीवर गोणपाट ठोकलेलं, म्हणजे चाक घसरत नाही. मोटरसायकल चालू करून वर न्यायची नाही, इंजिन बंद ठेवून एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून रेटायचं. पुढचं चाक भिंतीला टेकलं की पहिला गिअर टाकायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना दोर ताणायचे, पुढचे शॉकअप दबेपर्यंत, आणि मागच्या चाकाला वेगळे. दोर घासेल तिथे आईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. लोक म्हणतात, स्टँडवर लावा की. दादा म्हणतो, स्टँड उभ्या गाडीसाठी असतो, पळणाऱ्या गाडीसाठी नाही. एवढं करून निघाला तरी थोड्या अंतरावर थांबतो, दारं उघडतो आणि प्रत्येक दोर ओढून बघतो. गाव हसतं. मोटरसायकल कुणाचा हात धरून पळून जाणार आहे का, असं विचारतं.

पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी मॅटाडोरमध्ये दोर होता तो केळीच्या घडांसाठी, आणि मोटरसायकल धरायला फ्रान्सिस होता.

फ्रान्सिस दादाचा लहानपणापासूनचा मित्र, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा. तो पापडीच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. लग्न असलं की बँड, नसलं की दादाच्या मॅटाडोरमध्ये मागे बसून मोटरसायकल धरायची, असं त्याचं चालायचं. पण त्याचे हात गप्प बसणारे नव्हते. एका हाताने मोटरसायकल धरून दुसऱ्याने तो मॅटाडोरच्या पत्र्यावर ताल धरायचा आणि पुढून दादा हॉर्नने साथ द्यायचा. गल्लीत शिरण्याआधीच त्यांचा गोंगाट ऐकू यायचा. आई म्हणायची, "आली वरात." दोघंही तिशी ओलांडलेले, पण अक्कल पोरांचीच.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात ते विरारहून एक मोटरसायकल घेऊन निघाले. मालकाने ती नुकतीच चालवून आणली होती, सायलेन्सर तापलेला होता. संध्याकाळी पापडीला लग्न होतं आणि फ्रान्सिसला बँडमध्ये पोचायचं होतं. दादा दोर शोधायला लागला तेव्हा फ्रान्सिसच म्हणाला, "बांधत बसशील तर नवरानवरी घरी जातील. चल, मी धरतो."

सोपाऱ्याच्या पुढे एक रिक्षा अचानक आडवी आली. दादाने करकचून ब्रेक मारला. रिक्षावाल्याला दोन शिव्या दिल्या आणि पुढे निघाला. मागे मोटरसायकल फ्रान्सिसवर पडली होती. त्याचा उजवा पाय तिच्या आणि बॉडीच्या मध्ये अडकला होता आणि पोटरीवर सायलेन्सर टेकला होता. तो ओरडला, पण मॅटाडोरच्या आवाजात पुढे काय ऐकू जाणार? मग तो पत्र्यावर हात आपटायला लागला.

पापडीला दादाने दारं उघडली तेव्हा फ्रान्सिस शुद्धीत होता. हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण भाजल्याची जखम चिघळत गेली, पुन्हा पुन्हा दवाखाना झाला आणि शेवटी पाय आखूडच राहिला. बँड म्हणजे वरातीपुढे चालणं. गळ्यात ड्रम अडकवून फ्रान्सिसला चालता येईना. तो वाडीत बसल्या बसल्या होतील ती कामं करू लागला. भाजी निवडायची, जुड्या बांधायच्या. त्याच्या हातांकडे बघवत नसे.

दादाने सगळ्यांना सांगितलं, "इंजिनाच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही." कुणालाही ते पटण्यासारखं होतं. दवाखान्यात फ्रान्सिसचा हात हातात घेऊन त्यालाही त्याने तेच सांगितलं. फ्रान्सिस म्हणाला, "असू दे," आणि त्याने डोळे मिटले.

खरं काय ते दादाने फक्त मला सांगितलं, तेही काही महिन्यांनी, दुपारी मॅटाडोर धुताना. पाण्याचा पाइप हातात तसाच वाहत होता. "ग्लोरिया, मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, फ्रान्सिस वाजवतोय. मी हॉर्न दिला."

मी जाऊन नळ बंद केला.

त्यानंतर मी त्याच्या मागे लागले. जा आणि फ्रान्सिसला सांग. त्यात तुझा काय गुन्हा? कुणालाही तसंच वाटलं असतं. पण खोटं बोललास तो गुन्हा आहे, आणि तो रोज वाढतोय. दादा म्हणायचा, "कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही." मी म्हणायचे, आता तरी कुठे बघतोय? कारण दादाने त्या घरी जाणंच सोडलं होतं. आमच्या वाडीत केळीचा चांगला घड उतरला की तो माझ्या हाती फ्रान्सिसकडे पाठवायचा. कुठल्या लग्नाला गेलो आणि बँड सुरू झाला, की हा जेवणाआधीच उठून घरी. लोकांना वाटे, गॅब्रिएलला शिष्टपणा आला. मला त्याची कीव यायची आणि तेवढाच संतापही. एका मित्रासाठी जीव तुटतो आणि त्याच्याच दारावरून जाताना मान खाली घालून जायचं, याला काय म्हणावं? त्याने दोर आणले, फळीला गोणपाट ठोकलं, मागे कुणाला बसू देईना. जगातल्या सगळ्या मोटरसायकली त्याने घट्ट बांधल्या, पण गल्लीच्या टोकापर्यंत जायला त्याचे पाय उचलत नव्हते.

असं तीन वर्षं चाललं. मग एका शनिवारी फ्रान्सिसची बायको ॲनी आमच्याकडे आली. फ्रान्सिसची स्वतःची एक काळी यामाहा होती, अपघातापासून पडवीत झाकून ठेवलेली. किक मारायला आणि ब्रेक दाबायला उजवा पाय लागतो, त्यामुळे ती आता त्याच्या उपयोगाची नव्हती. आगाशीच्या हर्षवर्धन नावाच्या एका मुलाने ती घेतली होती. टायर बसलेले, इंजिन चालू होत नव्हतं, म्हणून मॅटाडोरमधूनच न्यायला हवी होती.

"दुसरा टेम्पो बघू का म्हटलं," ॲनी दादाला म्हणाली, "तर हे म्हणाले, गॅब्रिएललाच बोलव, मीपण जातो त्याच्याबरोबर."

दादाने होकारार्थी मान हलवली. त्या रात्री तो जेवला नाही. मला आगाशीला एका मैत्रिणीला भेटायचं होतं, निदान मी तसं सांगितलं, आणि रविवारी त्याच्याबरोबर निघाले. त्याला एकट्याला पाठवायला माझं मन होत नव्हतं.

फ्रान्सिस अंगणात काठी टेकून उभा होता. केस बरेच पांढरे झाले होते. दादाने "कसा आहेस" एवढं विचारलं आणि लगेच फळी लावायला वळला. मी हँडल धरलं, दादाने मागून रेटलं, यामाहा आत गेली. मग दादा दोर बांधायला लागला. इतकी वर्षं डोळे मिटून मारलेली गाठ त्या दिवशी त्याला दोनदा सोडावी लागली. फ्रान्सिस मागच्या दाराशी येऊन हे सगळं बघत होता.

"छान बांधतोस," तो म्हणाला.

दादा खाली उतरला आणि त्याला दुसरं काही सुचलं नसावं, कारण तो म्हणाला, "तू पुढे बस. मागे कुणी बसायचं नाही."

"नाही बसत," फ्रान्सिस म्हणाला. मग त्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा मॅटाडोरच्या पत्र्यावर आपटला. एकदा, मग थांबून दोनदा, मग भराभर, कसंही. अंगणातल्या कोंबड्या बिचकून पळाल्या.

"असं वाजत होतं ना?" त्याने विचारलं.

दादा जागच्या जागी उभा राहिला.

"हा कुठला ताल रे, गॅब्या? माझ्याबरोबर वाढलास तू. मी असा वाजवतो कधी?" फ्रान्सिसचा आवाज चढलेला नव्हता. "तू हॉर्न दिलास. मी म्हटलं, ऐकलं याने, आता थांबेल. म्हणून आणखी जोरात ठोकलं. तू परत हॉर्न दिलास. पापडीपर्यंत देत होतास."

ॲनी पडवीच्या पायरीवर मटकन बसली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"मला वाटलं..." दादा म्हणाला.

"तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मीपण हॉर्नच दिला असता. त्याच्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नसतं. पण दवाखान्यात माझा हात धरून म्हणालास, काही ऐकू आलं नाही. तुझा हॉर्न तर मला ऐकू येत होता ना? तेव्हापासून वाट बघतोय. म्हटलं, आज येईल, उद्या येईल, खरं काय ते सांगेल. तू येत नाहीस. तुझी केळी येतात."

मला दादाला गदागदा हलवावंसं वाटलं. बोल ना रे, एवढं तरी बोल! पण तो फळी उचलून गाडीत सरकवायला लागला.

"चल," फ्रान्सिस म्हणाला. "तो मुलगा वाट बघत असेल."

आम्ही तिघं पुढे बसलो, मी मध्ये. निर्मळ गेलं, सोपारा गेला. दादा वाटेत थांबून दोर बघायलाही उतरला नाही. आगाशीला हर्षवर्धनच्या घरी यामाहा उतरवली. तो खूश होता, टाकीवरून हात फिरवत होता, त्याच्या आईने आम्हाला सरबत दिलं. फ्रान्सिसने त्याला क्लच जरा हलक्या हाताने वापर म्हणून सांगितलं आणि काठी घेऊन तो बाहेर पडला. आम्हाला वाटलं, मॅटाडोरकडे निघालाय. तो तसाच पुढे बाजाराकडे चालत गेला. वसईकडची एसटी लागलेली होती.

दादा मागे धावला. "फ्रान्सिस, गाडी आहे ना आपली. मी सोडतो घरी."

"तू ये सावकाश," फ्रान्सिस म्हणाला. एसटीची पायरी उंच होती. दादाने हात पुढे केला. फ्रान्सिसने तो घेतला नाही. दांडा धरून, आखूड पाय मागून ओढून घेत तो चढला. कंडक्टरने घंटी मारली आणि बस हलली.

आम्ही मॅटाडोर काढली आणि एसटीच्या मागे लागलो. एसटी प्रत्येक थांब्यावर थांबत होती, आणि मागे आम्हीही. रस्ता मोकळा असताना मी म्हटलं, "दादा, काढ ना पुढे." त्याने नकारार्थी मान हलवली. भुईगावपर्यंत तो त्या बसच्या मागेच राहिला. फाट्यावर फ्रान्सिस उतरला, आमच्या गाडीच्या अगदी बाजूने गेला आणि आमच्याकडे न बघता गल्लीकडे चालू लागला. दादाने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडला. येणारेजाणारे बघत होते. बाबा गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा मॅटाडोर अंगणात होती आणि दादा घरात नव्हता. पुढचं मला ॲनीने सांगितलं. तो दुपारी त्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला. तिने फ्रान्सिसला उठवायला आत जाऊन पाहिलं. फ्रान्सिस भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता. "झोपलाय म्हणून सांग," तो तिला म्हणाला. ॲनीने बाहेर येऊन तसं सांगितलं.

आतल्या खोलीत सगळं ऐकू येतं, हे दादाला चांगलं माहीत होतं. "ॲनी, मला ऐकू आलं होतं," तो मोठ्याने म्हणाला. "सोपाऱ्यापासून ऐकू येत होतं. मी खोटं बोललो." मग तो पडवीच्या पायरीवर बसला. "तो उठेपर्यंत मी इथे बसतो."