साडूंचे ऐकून घेणे

दुसऱ्याचे ऐकून घेण्यापायी स्वतःचा धंदा आणि माझी मनःशांती या दोहोंचा एकदमच निकाल लावणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि नियतीने तो नेमका मला साडू म्हणून दिला. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे वज्रेश्वरीकडचे. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचे शिंप्याचे दुकान होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुणाच्या तरी नादाने ते दहा दिवसांच्या मौनशिबिराला गेले. दहा दिवस गप्प राहिलेला माणूस थोडा तरी शहाणा होऊन येईल अशी आमची भाबडी समजूत. हे सजग होऊन आले. त्यानंतर ते चहा पिताना केवळ चहा पीत. पहिल्या घोटाचे निरीक्षण पुरे होईपर्यंत उरलेला चहा फुंकर न घालताच निवून जाई. काज करताना काज आणि बटण लावताना बटण, या महान तत्त्वामुळे माझी दिवाळीची पॅन्ट मला बुद्धपौर्णिमेला मिळाली. त्याआधी मी तक्रार करायला गेलो होतो, तेव्हा सुई बाजूला ठेवून, डोळे मिटून ते म्हणाले होते, "जयभीम साडूभाऊ. तुमचा राग मला समजला." राग समजल्याने पॅन्ट शिवून होत नाही, एवढी एक गोष्ट शिबिरात शिकवायची राहून गेली असावी.

शिबिराहून त्यांनी आणखी एक व्याधी आणली होती. प्रत्येक गोष्ट समोरच्याच्या जागेवरून पाहावी, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. आपण सारे अशी वचने भिंतीवर लावतो आणि विसरतो. साडूंनी मात्र ते अक्षरशः घेतले. एका रिक्षावाल्याने पॅन्टसाठी कापड दिले, तर हे त्याला मागे बसवून स्वतः त्याच्या सीटवर तासभर बसून राहिले. भर बाजारात, भर दुपारी. रिक्षावाला रडकुंडीला आला. "अरे मास्टर, धंदे का टाइम है मेरा! नाप लेना है तो कमर का लो ना!" यावर साडू शांतपणे म्हणाले, "कमर तो मिल गई भाई. अब जेब ढूँढ रहा हूँ." मग त्यांनी त्याचा मागचा खिसा पुढे, मांडीच्या बाजूला शिवला. बसल्या बसल्या पाकीट टोचत नाही म्हणून तो रिक्षावाला पुढे कित्येक वर्षे त्यांचे गुण गात असे. वेड संसर्गजन्य असते, याचा पुरावा म्हणून मी ते लक्षात ठेवले.

माझ्या शर्टासाठी ते एकदा आमच्या कचेरीत येऊन अर्जदारांच्या बाकावर अर्धा दिवस बसले. मी तिथे हेडक्लार्क. हळू आणि मोजके बोलणारा म्हणून माझा लौकिक होता. जाताना त्यांनी निदान सांगितले. "साडूभाऊ, समोरचा बोलाया लागला की तुम्ही मान खाली घालून फायलीत बघता. तुमच्या कॉलरी मागून झिजतात त्या त्याच्यानंच." त्यानंतर दोन महिने मी शर्ट दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. माणसाने स्पष्ट बोलावे, पण आपल्याबद्दल बोलू नये, असे माझे तेव्हाचे मत होते.

आमची खोलीही निजामपुऱ्यातच होती. खाली कापडाचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, डावीउजवीकडे आणखी कारखाने. दिवसरात्र खडखडाट. मांडणीवरची भांडी आपोआप थरथरत. मी सकाळी साडेनऊला बाहेर पडे आणि सहाला परते. माझी पत्नी मंदा मात्र दिवसभर घरीच. ऐंशीचे दशक संपता संपता तिने मला उत्तर देणे सोडले. मी वर्तमानपत्राआडून चहा मागावा आणि तिने पाठमोरे राहून तांदूळ निवडत बसावे, असे चालू झाले. हिला माज आला आहे, असा मी निष्कर्ष काढला. आवाज चढवणे मला असभ्य वाटे. अबोला धरणे मात्र सुसंस्कृत वाटे. तीन महिने मी अत्यंत सुसंस्कृतपणे वागलो. अखेर तिला कायमचे अकलोलीला, माहेरी पाठवायचे ठरवले, आणि पोचवण्याचे काम वडीलधारे म्हणून साडूंवर सोपवले.

ते रविवारी सकाळी आले आणि गोधड्यांच्या चळतीला टेकून बसले. मी माझी बाजू मुद्देसूद मांडली. त्यांनी ती इतक्या एकाग्रतेने ऐकली की मी खटला जिंकल्यातच जमा होतो. मंदाशी ते फारसे बोललेच नाहीत, नुसते तिच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "नेतो मी तिला. पण उद्या तुम्ही रजा टाका. मंदा दिवसभर आमच्याकडं राहील, तुम्ही तिच्या पाटावर बसा. तोंड भिंतीकडं. तांदूळ निवडा, भात लावा. संध्याकाळी मी येतो, मग बोलू."

"याने काय साध्य होणार?"

"मला तरी कुठं ठाव हाय? मी कुठं बसलोय तिथं?"

कटकट मिटावी म्हणून मी बसलो. पहिला तास पायाखालचे माग मोजण्यात गेला. दुपारपर्यंत ते पायाखालून कवटीत आले. त्यानंतर आवाज जाणवेनासाच झाला, आणि माझ्या सहनशक्तीचे मला कौतुक वाटू लागले. एवढ्यात खांद्यावर हात पडला. मी दचकलो, ताटातले तांदूळ खोलीभर उडाले. मागे साडू उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मग ते वाकले आणि माझ्या कानाशी ओरडले, "चार हाका मारल्या, साडूभाऊ! पाणी मागितलं! आता सांगा, मी रुसून जाऊ काय?"

माझे कान दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक झाले. मंदाचे ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की गेले ते परत येणार नाही, राहिले आहे ते जपा. दहा वर्षे मी माझे कान रोज कचेरीत सुरक्षित नेले होते आणि तिचे त्या मागांवर सोडून गेलो होतो.

मंदा माहेरी गेली नाही. मी तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असे, अर्धा तास क्षमा मागितली. वाक्ये चांगली जमून आली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी साडूंना ती जवळजवळ पूर्ण म्हणून दाखवली. त्यांनी सुई बाजूला ठेवून ऐकली.

"बरं झालं. मग मंदा काय म्हणाली?"

क्षमा मागून झाल्यावर इतके हलके वाटले होते की मी फिरायला निघून गेलो होतो.

"जा की मग," साडू म्हणाले आणि पुन्हा काजाकडे वळले.

घरी मंदा मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि विचारले. लहान टाइपातला मजकूर वाचावा तशी ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. "मला वाटलं, तुम्हीच बोलायचं सोडलं," ती म्हणाली. "आधी हळू बोलायला लागलात, मग बंदच. म्हटलं, ऑफिसात बोलून बोलून दमत असतील. माझ्याशी बोलायला काय उरणार?"

त्याच वर्षी आम्ही ती खोली सोडली आणि गावाबाहेर राहायला गेलो. साडू गेल्या वर्षी वारले. ती बातमी मंदाला मीच दिली, समोर बसून, सावकाश. तिला पहिल्याच वेळी कळले होते, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसले. तरी तिने ती पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि मी सांगितली.