लेक बोलेना तेव्हा

आमचे हे जव्हार संस्थानच्या दफ्तरात कारकून होते तेव्हाची गोष्ट. माझी लेक साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी काय काय केलं म्हणून सांगू! वेखंड उगाळून जिभेला लावलं, मध चाटवला. रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून विचारी, "सांग, हे काय? तांब्या. म्हण, तांब्या." ती तांब्याकडे बघे, माझ्याकडे बघे आणि उठून जाई. शेवटी नाशिकहून सासूबाईंचं पत्र आलं, की मुलीला इकडे पाठव, इथले वैद्य वर्षभर उपचार करतील. न्यायला धाकटे दीर येणार होते. वर्षभर!

त्याच दिवसांत जवळच्या साखरशेत गावची एक बाई आमच्याकडे चिंच फोडायला येऊ लागली. सोबत तिची चार वर्षांची पोर, आणि पोरीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू! पाणी हवं म्हणून बोले, कावळ्याला दटावी, आईशी चिंचेच्या एका बोटकासाठी घासाघीस करी, चिंचोके ओळीनं निजवून "निजा आता" म्हणे. मी हातातलं काम विसरून ऐकत बसे. तिला कोणी वस्तूंची नावं विचारत नव्हतं!

आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या लेकीला काही मागावंच लागत नव्हतं. तहान लागायच्या आधी मी पेला पुढे करी, आणि जे मला ठाऊक आहे तेच तिला विचारी. तिनं बोलावं तरी कशाला?

दुसऱ्या दिवसापासून दोघी पोरींना उन्हातल्या चिंचेच्या राखणीला बसवलं आणि मी दाराआड उभी राहिले. पेला पुढे करणं बंद. जीव तुटायचा, पण हात आवरले. चौथ्या दिवशी ऐकलं! "माला दे! माला!" माझीच लेक, आणि तेही साखरशेतच्या बोलीत! मी धावत बाहेर आले, तर आमच्या छोट्या बाईसाहेबांनी पुन्हा मिठाची गुळणी धरली. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुला भास झाला."

दीर आले. मोखाड्याच्या वाटेनं परत निघायचं म्हणून लेकीचं बोचकं गाडीत चढलंसुद्धा. त्यांनी तिला जवळ घेऊन आपलं पागोटं दाखवलं. "सांग बाळ, हे काय?" ती गप्प. "बघितलंत ना, वहिनी?" मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात त्यांची नजर चिंच वाळत घातलेल्या चटईकडे गेली. चिंचेचा एक अख्खा कोपरा मोकळा होता. "कोणी खाल्ली गं?" त्यांनी साखरशेतच्या पोरीला दरडावून विचारलं. एरवी थांबायचं नाव न घेणारी ती पोर मागे मागे सरकू लागली. आणि माझी लेक चालत येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"कोंबडीन खाल्ली," ती म्हणाली. "काळी कोंबडी. मोठी होती. हिनं हाकलली, तरी खाल्ली."

आमच्या घरी कोंबडी नव्हती, शेजारीही नव्हती, आणि लेकीच्या हनुवटीला चिंचेची शीर लोंबत होती. मैत्रिणीला वाचवायला माझी लेक धडधडीत थाप मारत होती! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच.

दीर तिच्यासमोर उकिडवे बसले. मग अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "ती कोंबडी गेली कुठे?"

"तुमच्या गाडीखाली."

दीर उठले, पागोटं सावरत गाडीखाली वाकून त्यांनी नीट पाहिलं, आणि परत येताना लेकीचं बोचकं काखेत घेऊन आले.