टॉकीजची काच, अंगणातला उजेड

माझे धाकटे दीर रेल्वेत होते आणि सुट्टी मिळाली की शुक्रवारच्या जुन्या बाजारात जात. तिथून ते काय उचलून आणतील याचा नेम नसे. बिनकाट्याचं घड्याळ, रेडिओचा सांगाडा, एकदा तर नुसता दुर्बिणीचा पट्टा. त्या दिवशी मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. ते सायकल भिंतीला टेकवून आले आणि माझ्या सुपाशेजारी पितळेची एक जाडजूड नळी ठेवली. दोन्ही टोकांना काच.

"वहिनी, जो ने, बघा तर काय मिळालं! डभोईची कुठली टॉकीज बंद पडली म्हणे. तिथल्या प्रोजेक्टरची आहे. तुमच्या कॅमेऱ्याला लागेल?"

डभोई माझं माहेर. वडिलांचा तिथं छोटा फोटो स्टुडिओ होता. त्यात दिवे नव्हते, उत्तरेकडची एक मोठी खिडकी होती आणि तिच्यासमोर माणसं बसवून वडील फोटो काढत. ढग आले तर गिऱ्हाइकाला चहा पाजून थांबवून घेत. लग्नात त्यांनी मला दागिन्यांच्या जोडीला कॅमेरा दिला, तेव्हा सासरच्यांना ती गंमत वाटली होती. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या या घरात मी आले ती तो कॅमेरा घेऊन. सणावारी घरातल्यांचे फोटो काढायचे, एवढाच त्याचा उपयोग होत होता.

ती नळी अर्थातच कॅमेऱ्याला बसेना. भाऊजी चिकाटीचे. त्यांनी पाण्याच्या पाइपचा तुकडा कापला, आतून काळा रंग दिला, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि आठवडाभर खटपट करून ती काच कॅमेऱ्यावर चढवली. तिला उजेड कमीजास्त करायची सोय नव्हती. फोकसचं कडंही नव्हतं. आपणच श्वास रोखून पुढंमागं सरकायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं.

आमची दोन घरं एकाला एक लागून. पूर्वेला दिरांचं, पश्चिमेला आमचं आणि दोन्हींच्या मागे एकच अंगण. सासऱ्यांनी ते मुद्दाम सलग ठेवलं होतं. सकाळी ऊन दिरांच्या बाजूने, कुंपणावरून तिरपं येई आणि आमच्या वाफ्यांवर पसरे. पाट्यावर वाटून गुळगुळीत केल्यासारखं ते ऊन असायचं, कोवळं, कुठेही न टोचणारं. तिथं कोथिंबीर फुलावर आली होती. भाजीच्या कामाची राहिली नव्हती, म्हणून सासूबाई उपटा म्हणत होत्या. मी गुडघ्यांवर बसून तिचे फोटो काढले.

निजामपुऱ्यातल्या लॅबमधून फोटो धुऊन आले, तर प्रत्येकावर 'फोकस नाही' अशी चिठ्ठी चिकटवलेली. मी खट्टू झाले. भाऊजींनी एकेक फोटो उजेडात धरला, नखाने चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "वहिनी, त्याला काय कळतंय? हे बघा तर खरं."

मग मीही बघितलं. कोथिंबिरीचं एकच फूल, नखापेक्षा लहान, त्याची एक पाकळी लख्ख दिसत होती. बाकी सगळं विरघळलं होतं. मागची पानं, कुंपण, वाळत घातलेलं लुगडं, सगळं ताक घुसळावं तसं त्या फुलाभोवती गरगरत होतं. रोज बघितलेलं अंगण होतं, पण मी ते कधी बघितलं नव्हतं. ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "यात फूल कुठंय?"

पुढची काही वर्षं माझी चांगली गेली. मला मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दलची बोलणी ऐकून मी थकले होते. डबा भरून दिला की अंगणात यायचं, उजेड चढेपर्यंत तो वेळ माझा. भेंडीचं फूल, कारल्याचं फूल, गुलबक्षीची मिटत आलेली तुतारी. भाऊजी काचा आणत राहिले. एक फोटो मोठे करायच्या यंत्रातली, एक कुठल्याशा शाळेने भंगारात काढलेल्या चित्रं दाखवायच्या पेटीतली. एकीच्या आत बुरशीची जाळी होती. तिच्यातून सदाफुली धुक्यातून आल्यासारखी दिसे. रात्रपाळी करून आले की झोपायला जाण्याआधी ते वाऱ्याच्या बाजूला वर्तमानपत्र पसरून उभे राहत, म्हणजे फूल हलू नये. "हं, आता वारा पडला. मारा!" असं हळूच म्हणत. आम्ही फार बोलत नसू. बोलायची गरजच नव्हती. एवढ्या मोठ्या घरात मी काय करते आहे हे समजणारं ते एकच माणूस होतं.

एक दिवस जाऊबाई वाळवण घालायला बाहेर आल्या आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे नळ आठ दिवस गळतोय, त्याला वेळ नाही. इकडे फुलांना वारा लागू नये म्हणून माणूस उभा आहे."

भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत गेले. त्यानंतर ते कधी माझ्याजवळ उभे राहिले नाहीत. काच मिळाली तर मधल्या कट्ट्यावर ठेवून जात. मी उचलून घेई. एका वाक्याने जाऊबाईंनी ते संपवलं आणि मला कुणापाशी तक्रारही करता आली नाही. तक्रार काय करणार? वर्तमानपत्र धरायला माणूस नाही म्हणून?

सासूबाई गेल्या, मग सासरे गेले. अंगणाच्या मधोमध विटांची एक रांग आली. पुतण्याचं लग्न ठरलं आणि एका सकाळी दिरांच्या बाजूच्या अर्ध्या अंगणात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. रेघा पार मागच्या कुंपणापर्यंत गेल्या होत्या. मला समजायला वेळ लागला नाही. मागे वाढवून वर दोन मजले चढवणार होते.

मी आयुष्यात पहिल्यांदा दिरांच्या पुढच्या दाराने त्यांच्याकडे गेले. ते पेपर वाचत होते.

"भाऊजी, मागे बांधू नका. वर हवे तेवढे मजले चढवा. पण मागचं अंगण उघडं राहू द्या."

"नकाशा पास झाला, वहिनी."

"पूर्वेचा सगळा उजेड जाईल माझा."

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "पोराला खोल्या लागतील. आता माझं कोण ऐकतं?"

"तुम्ही सांगून तर बघा. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. तुम्हाला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतेय."

आतून जाऊबाई आल्या. "वहिनी, तुम्ही दोघंच. तुम्हाला एवढ्या उजेडाचं करायचंय काय?"

मी भाऊजींकडे बघत राहिले. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून थांबले. ते बोलले, पण काय बोलले ते आजही माझ्या कानात आहे. "बाजारात आता चांगल्या ट्यूबलाइटी मिळतात, वहिनी. एकदम दिवसासारखा उजेड. एक लावून देतो."

मी घरी आले. जाऊबाई बोलल्या त्याचं मला काही वाटलं नाही. त्यांनी माझा एक फोटोही कधी नीट पाहिला नव्हता. पण या माणसाने पाहिले होते. ढगाआडून ऊन कधी निघेल याची वाट बघत तो माझ्याबरोबर उभा राहिला होता. ट्यूबलाइटीत आणि सकाळच्या उन्हात काय फरक असतो हे बडोद्यात मला सोडून त्यालाच ठाऊक होतं, आणि तरी तो बोलला.

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणाले, "फुलांसाठी सख्ख्या भावाशी भांडू? लोक काय म्हणतील?"

भिंत चढत गेली तशी सकाळ लांबत गेली. आधी वाफ्यावर ऊन उशिरा यायला लागलं. मग दुसरा मजला झाला आणि ऊन आलं ते थेट डोक्यावरून, भर दुपारचं. भेंडी उंच, किडकिडीत वाढली आणि फुलाविना वाकली. कोथिंबीर पिवळी पडली. मी कुंड्या गच्चीवर नेल्या. गच्चीवर वारा सारखा, आणि ऊन असं की त्या जुन्या काचांना ते सोसवेना. उजेड आवरायची सोयच नाही, त्यामुळे फोटो दुधात बुडवल्यासारखे पांढरे यायचे. एका बागेत गेले, तर रखवालदार धावत आला. "बेन, आ स्टँड नहीं चाले. परमिशन लावो." परमिशन कशाची, म्हणून विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. मी तिपाई मिटली. त्या वयात झुडपांसमोर गुडघ्यांवर बसलेल्या बाईकडे लोक थांबून बघतात, आणि तेही मला नको होतं.

वास्तुशांतीच्या आधी जाऊबाई हसत हसत आल्या. "हॉलमध्ये एक भिंत मोकळी दिसतेय. तुमच्या त्या फुलांचा एक फोटो मोठा करून द्या ना, वहिनी. घरचीच वस्तू होईल."

"नाही देणार," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग वाटलं नाही. ह्यांनी मला रात्री समजावलं, मी ऐकलं नाही. त्यांच्याकडे कुणाचंच काही अडलं नाही. वास्तुशांतीला गेले तर त्या भिंतीवर ट्यूलिपचं छापील चित्र होतं, काचेची चौकट वगैरे. येणारे जाणारे सरस, सरस म्हणत होते. भाऊजी पंगतीत वाढत होते. माझ्या पानात त्यांनी श्रीखंड वाढलं, आग्रह केला नाही आणि पुढे गेले.

नवी सून मात्र गोड मुलगी. एकदा कपाट आवरायला आली असताना तिला फोटोंची पेटी मिळाली. एकेक काढून बघत बसली. "काकू, हे तुम्ही काढले? अशा जुन्या लेन्स तर लोक हल्ली शोधत फिरतात!" मला भरून आलं. तेवढ्यात तिने मोबाइल काढला, देवाच्या हारातल्या झेंडूचा फोटो घेतला, बोट फिरवलं आणि झेंडूभोवती सगळं गरगरायला लागलं. "बघा, आता ॲपमध्येच येतं हे. कशाला एवढा त्रास?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी छान आहे म्हटलं आणि पेटी वर ठेवून दिली.

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांना वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ठेवलं. मी सूप घेऊन गेले, त्या मजल्यावर पहिल्यांदाच. सकाळची वेळ होती. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. पूर्वेची मोठी खिडकी होती आणि तिच्यातून तेच ऊन आत आलं होतं. तिरपं, कोवळं. पलंगावर, औषधाच्या बाटल्यांवर, त्यांच्या न हलणाऱ्या हातावर पसरलं होतं. इतकी वर्षं माझ्या वाफ्यावर यायचं ते.

मी चमच्याने सूप पाजलं. ते खिडकीकडे बघत होते. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "वहिनी. इथं. कुंड्या आणा. उजेड. चांगला."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

"हा उजेड माझा होता, भाऊजी," मी म्हटलं. "तेव्हा बोलायला हवं होतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झटक्यानंतर त्यांना कशानेही पाणी यायचं, टीव्हीवरच्या बातम्यांनीही, त्यामुळे ते कशाचं होतं हे मी ठरवू शकत नाही. दारातून जाऊबाई म्हणाल्या, "कुंड्या नकोत हां वर, फरशी नवीन आहे." मी त्यांचं तोंड पुसलं, वाटी उचलली आणि खाली आले.

ते वर्षभर होते. मी रोज जात राहिले. जाऊबाईंचे गुडघे दुखत, सून नोकरीला जाई, म्हणून दुपारचं भरवणं माझ्याकडे आलं. मी दुपारीच जायची. तोवर खोलीत नुसताच उजेड असायचा, कुठल्याही खोलीत असतो तसा. आम्ही हवेबद्दल बोललो, पाण्याच्या टँकरबद्दल बोललो, कुणाचं लग्न ठरलं त्याबद्दल बोललो. फुलांचं नाव दोघांनीही काढलं नाही. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, वहिनींनी आईसारखं केलं. मी मान खाली घातली. तसं काही नव्हतं. घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी गेले.

आता मागच्या अंगणात अळू लावलंय. त्याला सावली चालते, आणि पातळभाजीला पानं मिळतात. हे कधी कधी विचारतात, अजून मनात धरून बसलीस का. मी हो म्हणते. त्यांना वाटतं, वय झालं की माणसाने सोडून द्यावं. सोडून काय द्यायचं ते त्यांना नीट सांगता येत नाही, आणि मी विचारतही नाही. अळूची पानं चिरायला घेते.