पहिली गोळी माझी

ओमानात सोहारला बंदराचं काम जोरात सुरू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. पंपाचे शाफ्ट, बुश, क्रेनच्या पिना, जे मोडेल ते लेथवर चढवायचं. आम्ही रत्नागिरीकडची माणसं. हात चालतो आणि जीभ त्याहून जास्त चालते. त्या जिभेनंच माझा घात केला.

आमचा अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा ओमानी मालक, वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. पगार वेळेवर, ईदला मटण, कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा. पण मी सुट्टीचं नाव काढलं की 'इन्शाल्ला'. रमजान होऊ दे, इन्शाल्ला. क्रेनचं काम उरकू दे, इन्शाल्ला. आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. तेव्हा सगळीकडे तसंच असायचं.

एका सकाळी ऑफिसात माझ्या नावानं फोन आला. बायको होती. "अब्बांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दारात कुणी आलं की मान उचलून बघतात. तुम्ही या हो लवकर." तसाच ग्रीसचे हात घेऊन अर्बाबच्या खोलीत गेलो.

त्याच्या टेबलावर एक जुनी रायफल होती. त्याच्या बापाची. म्हातारा तरुणपणी आफ्रिकेत होता, तिथून आणलेली. आता तिकडचे चुलतभाऊ अर्बाबला रानरेड्याच्या शिकारीला बोलवत होते आणि याला बापाचीच बंदूक न्यायची होती. पण तिची गोळी हरणापुरती. रेडा तिनं नुसता चिडला असता. म्हणून मोठ्या गोळीची नवी नळी त्यानं बाहेरून मागवली होती, पोलिसांचे कागद केले होते. आता ती नळी बसवायची आणि बाकीची बंदूक मोठ्या गोळीजोगी करायची. मस्कतजवळच्या मत्रह बाजारातल्या जुन्या बंदूक-कारागिरानं रायफल हातात घेऊन बघितली आणि "ला, ला" म्हणत, म्हणजे 'नाही, नाही', परत दिली होती.

माझं ऐकून अर्बाबनं छातीवर हात ठेवला, अब्बांसाठी दुआ केली. मग रायफल माझ्याकडे सरकवत हिंदीत म्हणाला, "ये बना दो, फिर जाओ. होगा?"

मी जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. नाही म्हणायचं होतं. पण अर्बाबला नाही म्हणायची आम्हा लोकांना सवयच नव्हती, आणि डोळ्यांपुढे अब्बांची ती उचललेली मान. मारे ऐटीत म्हणालो, "लेथवर काय होत नाही, अर्बाब!"

आठ दिवस राबलो. नळी झकास बसली, खोटं कशाला बोलू. पण गोळी लांब होती. तिला आत सरकवणारा जो उतार असतो तो घासून मागेपुढे करावा लागतो, आणि त्याच उताराच्या पाठीशी लोखंडाचा एक खांदा असतो. बार उडतो तेव्हा बोल्टचा, म्हणजे गोळीमागच्या लोखंडी दांड्याचा, सगळा दणका तो खांदा झेलतो. मी घाईत होतो. विमानाचे वार मोजत होतो. घासता घासता बोट आत घालून चाचपलं आणि माझं धाबं दणाणलं. खांदा पातळ झाला होता. अर्धाही उरला नव्हता.

शेण खाल्लं होतं मी. वेल्डिंगनं भरावा तर पोलादाचा कस जाणार. खरं सांगावं तर दुसरी बंदूक, दुसरे कागद, आणखी कितीतरी महिने. तोवर अब्बा थांबणार होते का? मी काय केलं सांगू? घासलेली जागा चकचकीत केली, लोखंडाला रंग चढवतात ते काळं पाणी दिलं, तेल लावलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय सुबक काम आहे! तो नालायकपणा मी स्वतःच्या हातानं, शुद्धीत केला.

शुक्रवारच्या नमाजनंतर अर्बाब मला गाडीत घालून वादीत घेऊन गेला. कोरडं नदीचं पात्र, दोन्हीकडे उघडे डोंगर, चिटपाखरू नाही. त्यानं दगडावर एक डबा ठेवला. मी म्हटलं, "अर्बाब, बंदूक टायरला बांधून, पहिला बार लांबून दोरीनं उडवू. तशीच रीत आहे." तो हसायला लागला. "आपल्या हातावर भरवसा नाही?" आणि मग दोन्ही हातांवर रायफल धरून, पाहुण्याला पहिला घास द्यावा तशी, माझ्यापुढे केली. "तू बनवलीस. पहिली गोळी तुझी."

मान होता हो तो. त्याच्या बापाची बंदूक, आणि पहिला बार एका परक्या कामगाराला. मला रडू यायच्या बेतात होतं. सांग, आत्ता सांग, असं मन ओरडत होतं. मी रायफल हातात घेतली. वाटलं, फुटली तर माझ्यावर फुटेल, मी केलंय, मीच भोगीन. नाही फुटली तर घरी जाईन. कलमा पढलो, डोळे घट्ट मिटले आणि घोडा ओढला.

दणक्यानं मी मागे पडलो. कान बधिर. चेहरा चाचपला, हात बघितले. सगळं जागच्या जागी. अर्बाब "माशाल्ला!" म्हणत धावत आला आणि त्यानं माझं कपाळ चुंबलं. पण मी बोल्ट उघडायला गेलो तर तो अडला. जोर लावून, तळहातानं ठोकून काढावा लागला. खांदा दबला होता. आणखी किती बार, ते अल्लालाच ठाऊक. अर्बाबनं बंदुकीसाठी हात पुढे केला तर मी घाईनं म्हणालो, "नको, आधी साफ करायला हवी." त्यानं ते ऐकलं. संध्याकाळी पासपोर्ट आणि तिकीट माझ्या हातात ठेवलं.

घरी पोचलो तेव्हा अब्बा होते. मला बघून त्यांचं अर्धं तोंड हसलं. दोन दिवस मी त्यांना चमच्यानं पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. खरं तर मला आनंदानं भरून यायला हवं होतं. पण घास भरवताना अर्बाबचा चेहरा दिसायचा. त्याचाही म्हातारा बाप सोहारला बसलाय, हा रेड्यापुढे उभा राहणार, आणि बोल्ट येऊन त्याच्या डोळ्यात घुसणार. अब्बांची नजर मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. अर्बाबनंच फोन उचलला. सामान बांधणं चाललंय म्हणाला, परवाचं विमान. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. खांदा, काळं पाणी, अडकलेला बोल्ट. "ती बंदूक आता भिंतीवरच ठेवा, अर्बाब. हात लावू नका. नोकरी गेली तरी चालेल."

पलीकडून अर्बाबनं विचारलं,

"तुला हे त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं."

"मग गोळी का मारलीस? मेला असतास!"

"मला घरी यायचं होतं."

तो भडकलाच. "पागल आहेस! घरी जायचं होतं तर सांगायचंस मला! मी बंदूक मागितली होती, तुझा जीव मागितला होता का?"

माझाही ताबा सुटला. बूथवाला वळून बघायला लागला, इतका मी ओरडलो.

"दीड वर्ष सांगत होतो, अर्बाब! दीड वर्ष!"