जहाजाचं इंजिन बंद पडलं ती दुपार

खरं सांगते, मला कुठेच जायचं नव्हतं. मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला प्रवासाची नाही, अंथरुणाची ओढ असते. पण प्रज्ञाने, म्हणजे आमच्या मुलीने, पुण्याहून फोन करून तिकिटं काढल्याचं सांगून टाकलं. मुंबईहून जहाज, एक सबंध दिवस नुसता समुद्र, मग लक्षद्वीपचं एक बेट आणि परत मुंबई. "मम्मी, नाही म्हणू नको, पैसे वापस नाही भेटणार," ती म्हणाली. या वाक्यापुढे भिलाईतली कुठलीही बाई टिकत नाही. मी बॅग माळ्यावरून काढली.

थकवा कसला, ते सांगायला हवं. माझे पती अशोक (इथून पुढे 'हे') तिसेक वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या ब्लोअर हाऊसमध्ये होते. भट्टीत हवा फुंकणारी राक्षसी यंत्रं असतात तिथे. त्या आवाजात माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. रिटायर होऊन हे घरी आले, पण कान बरेचसे तिथेच राहिले. त्यामुळे आमच्या घरात सगळं ओरडून सांगावं लागतं. चहा झाला, गॅस संपला, भाचीला मुलगी झाली, सगळं एकाच पट्टीत. सेक्टर सहामधल्या क्वार्टरांच्या भिंती त्या केवढ्याशा! आज आमच्याकडे वांगी आहेत की भेंडी, हे शेजारच्या साहूबाईंना अंगणात बसून कळतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुलीचा आवाज तिच्या बाकाच्या पलीकडे जाऊ नये. पन्नाशीपर्यंत माझा गेला नव्हता. आता चौकापर्यंत जातो. संध्याकाळी घसा बसतो आणि मग मी बोलणंच टाळते. कितीतरी गोष्टी मनात येतात आणि 'जाऊ दे, कोण ओरडेल' म्हणून तिथेच राहतात.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञाने पुण्यात ह्यांचे कान तपासून घेतले, कानात लावायचं मशीनही बनवून घेतलं. ह्यांनी डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

"मले काई कमी ऐकू येत नाही. लोकंच हळू बोलून राहिले आजकाल."

म्हणून हा जहाजाचा घाट. तिथे ओळखीचं कोणी नाही, नवी जागा, ह्यांचा मूडही चांगला असेल, तिथे तरी हे मशीन लावून बघतील, अशी आम्हा मायलेकींची आशा. डबी प्रज्ञाच्या पर्समध्ये होती.

ऑटोने दुर्ग, दुर्गहून रात्रभर रेल्वे. जहाजावर घरचं खाणं नेऊ देत नाहीत असं सूचनांमध्ये होतं, म्हणून तिखट पुऱ्या आणि ठेचा आम्ही गाडीतच संपवला. ठेच्यासाठी समोरच्या बर्थवरच्या कुटुंबाचीही मदत झाली. मुंबईला प्रज्ञा स्टेशनवर आली होती. बंदरावरच्या रांगा विमानतळासारख्याच असतात, फक्त जास्त लांब. जाणार असाल तर आधार कार्ड आणि गुडघ्याची गोळी हाताशी ठेवा. आम्ही सगळ्यात स्वस्त खोली घेतली होती, आतल्या बाजूची, बिनखिडकीची. त्यातही तिघांच्या भाड्यात एक जुनी स्कूटी आली असती. जेवण त्यातच धरलेलं असतं, पण बाकी प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे. थोडे जास्त भरून खिडकीची खोली घ्या, हा माझा सल्ला. का, ते पुढे येईलच.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांकडून कवायत करून घेतात. भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. तसं आधी माईकवर हिंदीत, इंग्रजीत सांगतातही. तेव्हा मी चहाच्या रांगेत होते, प्रज्ञा खोलीत सामान लावत होती, आणि हे वरच्या डेकवर सुरतच्या एका वयस्क जोडप्याशी गप्पा मारत बसले होते. गप्पा म्हणजे हे बोलत होते.

भोंगा वाजला. माईकवरचं बोलणं ह्यांना कळलं नव्हतं, भोंगा मात्र कळला. प्लांटमध्ये भोंग्याचा अर्थ गॅस. गॅसचा भोंगा झाला की आधी वाऱ्याची दिशा बघायची, रुमाल ओला करून नाकाला लावायचा आणि जिकडून वारा येतो तिकडे निघायचं. इतकी वर्षं घोटलेलं ते. मी चहाचे कप सांभाळत वर आले तर काय, हे जहाजाच्या झेंड्याकडे बोट करून दहाबारा म्हाताऱ्या माणसांना पार टोकाला नेताहेत, आणि सगळ्यांच्या नाकाला ओले कागदी रुमाल!

"चलो चलो, झुकना नहीं! हवा सामने से लो!" ह्यांचा आवाज डेकभर.

खाली हजेरी जुळेना. सबंध जहाज खोळंबलं. शेवटी पांढऱ्या गणवेशातली एक तरुण अधिकारी धावत आली.

"सर, आप लोग यहाँ क्या कर रहे हैं? ये सिर्फ ड्रिल है!"

"क्या?"

"ड्रिल, सर! ड्रिल!"

तेवढ्यात प्रज्ञा धापा टाकत पोचली. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती चिडते. "पप्पा, कितनी बार अनाउन्स हुआ! तुम्हाले ऐकूच नाही आलं! मशीन लावा म्हणून मी कवापासून सांगून राहिले!"

नेमकं हे मात्र ह्यांना ऐकू गेलं. आणि सगळ्यांनाच गेलं.

सुरतच्या मंजुबेन नाकावरचा कागद काढत म्हणाल्या, "अरे बेटा, डांटो मत. भाईसाब ने तो हमको बचा लिया. सिर्फ आग नहीं था, बस!" लोक हसले. वाईट हेतूने नाही. पण ह्यांनी ओला रुमाल नीट चार घड्या घालून खिशात ठेवला आणि कोणाकडे न बघता खाली गेले.

त्यानंतर हे खोलीतून निघेनात. दुसरा सबंध दिवस समुद्राचा. ज्यासाठी लोक पैसे भरतात तो दिवस. मी आणि प्रज्ञा वर जाऊन आलो. पाणी इतकं निळं की दौतीतल्या शाईची आठवण झाली, शाळेत हातांना लागायची तशी. पण तरणतलावाजवळ सकाळपासून गाणी इतकी मोठ्याने की छातीत धडधडावं. मी ताटात इडली आणि दालखिचडी घेऊन खाली जायची, हे अंधाऱ्या खोलीत टीव्हीवर जहाजाचाच नकाशा बघत बसलेले. आमचा ठिपका हळूहळू सरकत होता.

"चला ना जी वर!" मी ओरडले.

"हो," हे म्हणाले, आणि हलले नाहीत.

प्रज्ञा मला म्हणाली, "मम्मी, मी खूप मोठ्याने बोलली ना काल?" मी म्हटलं, "ह्या घरात हळू बोलायची सोय कुठे आहे, बाळा?" रडू येत होतं, पण त्यालाही ताकद लागते. मशीनची डबी तिने पर्समधून काढलीच नाही. आता ह्या विषयावर तोंड उघडायची आमची हिंमतच नव्हती. मी मनाशी म्हटलं, संपलं. आता जन्मभर असंच.

तिसऱ्या दिवशी बेट येणार होतं. लोक सकाळपासून टोप्या आणि चष्मे लावून तयार. दुपारी जेवून आम्ही तिघं खोलीत आडवे झालो होतो आणि हे एकदम उठून बसले. जमिनीवर पाय टेकवून म्हणाले, "बंद पडलं."

मला काहीच कळलं नाही. मग क्षणभराने दिवे गेले. पाठोपाठ एसी गेला. कोपऱ्यातला एक बारीक पिवळा दिवा लागला आणि माईकवर सांगितलं, तांत्रिक बिघाड आहे, धोका नाही, सगळ्यांनी मोकळ्या डेकवर यावं. बिनखिडकीच्या खोलीत थोड्याच वेळात कोंडल्यासारखं झालं. लिफ्ट बंद. मी गुडघे धरत, हे माझा दंड धरत, जिन्यांनी वर आलो. आता ह्यांनाही आत बसायची सोय नव्हती.

वर आधी गोंधळ झाला. मुलं रडली, काही पुरुष अधिकाऱ्यांशी भांडले. पण उन्हात किती भांडणार? हळूहळू सगळे सावली शोधून खाली बसले. आम्हाला जीवरक्षक होडीच्या सावलीत जागा मिळाली. मंजुबेन पर्समधलं खाकऱ्याचं पाकीट फिरवून गेल्या. प्रज्ञा त्यांना पाणी आणून द्यायला उठली. आणि मग ते झालं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

आवाज संपला. गाणी नाहीत, इंजिन नाही, पंखे नाहीत. मी जन्मापासून भिलाईची. आमच्याकडे प्लांटची घरघर चोवीस तास चालू असते. ती इतकी अंगवळणी पडलेली की तिला आम्ही शांतता म्हणतो. खरी शांतता मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली. खाली पाणी जहाजाला हलकेच थापटत होतं. वारासुद्धा नव्हता.

मी समुद्राकडे बघत, स्वतःशीच, ओठातल्या ओठात म्हटलं, "थकले बाई मी."

"मंग टेक ना जराशी. माह्या खांद्याले टेक."

मी मानसुद्धा वळवली नाही. वळवली तर ती शांतता मोडेल असं वाटलं. तितक्याच हळू विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं ना. इथं दुसरं काई हायेच कुठं?" हे म्हणाले, "घरी सगळं एकदमच येते. पंखा, टीवी, कुकर, तू, रस्त्यावरचा भाजीवाला. सगळ्याचा एक गोळा होते. त्यातून तुले वेगळं काढता नाही येत मले. मंग मी हो म्हणून देतो."

"दिवाळीत सोफा घ्यायला हो म्हटलं ते?"

"सोफ्याचं इचारलं होतं का तू?"

मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे. हेही हसले. मग मी विचारलं, मशीन का नको ते.

"आपल्या चौकातल्या बाकावर बसतात ते वर्माजी. त्यायनं मशीन लावलं तेव्हापासून सगळे त्यायले रेडिओ म्हणतात. सकाळी भेटले का इचारतात, कोणतं स्टेशन लागलं?"

"फार वाईट. कोणी ठेवलं असलं नाव?"

"मीच," हे म्हणाले.

बाजूला मंजुबेनचे यजमान घोरत होते. उन्हं होडीच्या सावलीत शिरू लागली तशी आम्ही थोडं सरकलो. मी खूप बोलले त्या दुपारी. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल, जे मी ह्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण तसलं काही ओरडून सांगायचं नसतं. लग्नानंतर हे नाइट शिफ्ट करून सकाळी झोपायचे तेव्हा मी बांगड्यांचाही आवाज होऊ देत नसे, ते आठवलं. आणि मग तेही बोलून गेले जे सेक्टर सहामध्ये साहूबाईंच्या भिंतीआड मी कधीच बोलू शकले नसते.

"तुम्ही घरातच असता, तरी मला एकटं वाटते जी."

हे पाण्याकडेच बघत होते. मला वाटलं, हे नाही पोचलं. ह्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तसाच ठेवला. पोचलं होतं.

मग जहाज खालून थरथरलं. कुठेतरी काहीतरी धडधडलं, पंखे सुरू झाले आणि तलावाजवळचं गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच जोरात सुरू झालं. डेकभर टाळ्या, शिट्ट्या. नेमके त्याच वेळी हे माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. ओठ हलताना मी पाहिले. पण मला ऐकू आलं नाही! मी कानाला हात लावून विचारलं, "काय?" ह्यांनी मान हलवली, माझ्याकडे बघत राहिले. ह्यांच्या जागी बसल्यावर कसं वाटतं, ते मला त्या गलक्यात कळलं.

प्रज्ञा परत आली तर ह्यांनी तिच्यापुढे हात पसरला. "आण ते."

"काय, पप्पा?"

"मशीन. अन् जोरात नको बोलू. लोकं ऐकून राहिले."

तिने डबी काढली. ह्यांनी ते स्वतःच कानात बसवलं. लावल्याबरोबर चेहरा इतका वाकडा केला की प्रज्ञा घाबरली. "कोण वाजवून राहिलं हे घाणेरडं गाणं?" हे म्हणाले.

बेट रद्द झालं. वेळ गेला होता, जहाज तिथूनच मुंबईकडे वळलं. लोकांनी स्वागतकक्षापाशी खूप वाद घातला, आणि तो योग्यच होता. पैसे भरले होते सगळ्यांनी. मी रांगेत उभी राहिले नाही. लक्षद्वीपचं पाणी आरशासारखं असतं म्हणतात. असेल.

परत दुर्ग, परत ऑटो, परत तेच क्वार्टर. अंगात मीठ आणि पायांत गोळे. पुन्हा जाईन का असं विचाराल तर इतक्यात नाही. मशीनने जादू झाली असंही नाही. हे दुपारनंतर ते काढून ठेवतात, डोकं दुखतं म्हणून. कुकरची शिट्टी सहन होत नाही, मी चमचा खाली ठेवला तरी दचकतात. बाकावर जाताना अजून लावत नाहीत. सांगून पाहते, पण जोर करत नाही. आणि ते डेकवर काय बोलले होते, तेही सांगत नाहीत. "सांगितलं ना एकदा," म्हणतात.

काल सकाळी मी स्वयंपाकघरात होते. सवयीने आतूनच पूर्ण ताकदीने हाक मारली, "अहोऽऽ, चहा!" साहूबाईंच्या अंगणातल्या चिमण्या उडाल्या असतील.

हे माझ्या मागेच उभे होते, दाराला टेकून.

"कावून ओरडून राहिली?" हे म्हणाले. "इथंच तं आहो मी."