आत्याचा लुळा पडलेला हात
डोकेदुखीच्या बामाचा वास आला की मला जवळा बाजार या गावातल्या आमच्या घरातली, नव्वद सालाच्या आसपासची ती सकाळ आठवते. धाकट्या आत्याची सुपारी फोडायला बाळापूरहून पाहुणे आले होते. ओसरीत नव्या कापसाचा ढीग होता, त्याला टेकून पाहुणे बसले होते. आत्या आतल्या खोलीत खिडकी लावून कपाळाला बाम चोळत होती. डोळ्यांपुढं नागमोडी उजेड नाचतोय, असं मला म्हणाली. आईनं हाक मारली तशी ती चहा घेऊन बाहेर आली, आणि उजव्या हातातून ट्रे सुटला. बोलायला गेली तर जीभ जड झाली होती. "पोरीला लकवा हाय," पाहुण्यांतली म्हातारी उठत म्हणाली. आजोबांनी हात जोडले. "जरा थांबा. डोकं दुखलं की असं व्हतंय तिला, सांजंला बराबर व्हईल." कुणी थांबलं नाही. संध्याकाळी आत्या त्याच हातानं अंगण झाडत होती. "आता कोण बघून राहिलंय," एवढंच म्हणाली. लकव्याची गोष्ट गावोगाव पोचली आणि तिचं लग्न झालंच नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या लेकीचा हात तसाच लुळा पडला. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूच्या पेशींत कॅल्शियम आत सोडणारं एक प्रथिन असतं, त्यात तुमच्या घराण्यात दोष आहे. हा लकवा नाही, हात थोडा वेळ लुळा पाडणारी अर्धशिशीच आहे. मी आत्याला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मंग तुझ्या लेकीला बघायला येतील, तवा हे आधीच सांगशील न?"